लेकरांच्या खोलीत सेन्सर कुठं बसवावा

फेब्रुवारी लागला की एकाच गिऱ्हाइकाचे मला दिवसातून दोन फोन येतात. सकाळी सातला, "दादा, हीटिंग येईना, खोली गारच हाय." दुपारी तीनला, "आता कूलिंग येईना. कामून?" परभणीकडचा फेब्रुवारी असाच. पहाटे पारा बारा-तेरावर, दुपारी बत्तीस-तेहतीसवर. शाल गुंडाळून दूध आणायला गेलेला माणूस दुपारी बनियनवर ओसरीत बसलेला दिसतो. धंद्याच्या हिशेबानं मला मे महिना सोपा वाटतो. बेचाळीस अंशांत निदान सगळ्यांची मागणी एकच असते.

मी आयटीआयचा, आरएसी म्हणजे फ्रिज-एसीच्या ट्रेडचा माणूस. राहतो परभणीत, कामं नांदेड, जालना, संभाजीनगरपर्यंत. आमच्याकडं आधी सगळं राज्य कूलरचं होतं, आणि खरं सांगायचं तर इतक्या कोरड्या हवेत कूलरसारखी स्वस्त वस्तू नाही. पण त्याला पाणी लागतं. पाण्याचं आमचं काय आहे ते वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. शिवाय थंडीत कूलर माळ्यावर टाकायचा आणि खोलीत कॉइलचा हीटर लावायचा, म्हणजे दोन वस्तू आल्या. मग दवाखाने, लॉज, बंगलेवाले 'हॉट अँड कोल्ड' मागू लागले. त्या मशीनचं खरं नाव हीट पंप.

हीट पंप म्हणजे एसीच. बाहेरच्या युनिटमध्ये एक फोर-वे व्हॉल्व्ह जास्तीचा असतो. तो फिरला की गॅसचा प्रवास उलटा होतो, आतलं कॉइल तापतं आणि बाहेरचं गार पडतं. कॉइलचा हीटर एक युनिट वीज खाऊन एक युनिट उष्णता देतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळं एका युनिटात तीनेक युनिटांची ऊब मिळते. परभणीची थंडी आपल्याला कितीही बोचली तरी यंत्राच्या लेखी ती थंडीच नाही. डोंगराळ मुलखात बाहेरच्या कॉइलवर बर्फ जमतो आणि तो वितळवायला मशीन मध्येच हीटिंग थांबवतं. आपल्याकडं ती वेळ क्वचित येते. मशीनला आपला प्रदेश मानवतो. तरी तक्रारी येतात, आणि माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ गॅसमध्ये किंवा कॉम्प्रेसरमध्ये नसतं. सेन्सर कुठं बसवलाय आणि खोल्या कशा वाटल्यात, तिथं असतं.

मशीनला खोली दिसत नाही. तिला कळतो तो एका थर्मिस्टरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. ज्वारीच्या दाण्याएवढा काळा थेंब आणि त्याला दोन वायरी. तो तापला की रोध उतरतो, गार झाला की चढतो. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा सेन्सर ३० अंशांना साधारण ८ दाखवतो. मशीनचं सर्किट बोर्ड तेवढंच मोजतं आणि कॉम्प्रेसर पळवायचा की थांबवायचा ते ठरवतं. म्हणजे लाखांचं मशीन त्या थेंबाभोवतीची मूठभर हवा सांभाळत असतं. माणसं त्या हवेच्या आसपास बसली असतील तर त्यांचं नशीब.

बाजारात हा सेन्सर पाच, दहा, पंधरा, वीस अशा किलोओहमांत मिळतो आणि दिसायला सगळे सारखे. दुकानदार विचारतो, "रूमचा का कॉइलचा?" किती किलोओहमचा, हे फारसं कोणी विचारत नाही. दहाच्या जागी पाचचा लावला की २५ अंशांच्या खोलीत बोर्डाला वाटतं ४१-४२ अंश आहेत. मशीन थांबतच नाही. उलट केलं, पाचच्या जागी दहाचा, की त्याला खोली दहा अंशांवर वाटते आणि भर उन्हाळ्यात कूलिंग चालू होत नाही. मग गिऱ्हाइकाला बोर्ड बदलायला सांगितलं जातं. त्याआधी स्टीलच्या ग्लासात बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन सेन्सर त्यात बुडवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मीटर लावा. शून्य अंशाला कंपनीच्या तक्त्यात जो रोध दिलाय त्याच्या आसपास आला तर सेन्सर शाबूत. दवाखान्यात बर्फ मिळतो, लग्नाच्या हॉलमध्ये मिळतो, रसवंतीवर तर मिळतोच.

आता त्या दवाखान्याचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यामुळं.

परभणीतलंच एक प्रसूतिगृह. गच्चीवर एकच मोठं आउटडोर आणि त्याला आत जोडलेली सहा युनिटं: ऑपरेशन थिएटर, लेबर रूम, लेकरांची खोली, दोन वॉर्ड आणि खाली नातेवाइकांची बसायची जागा. काम आधीच्या ठेकेदारानं केलेलं, पाइपिंग सुबक, ब्रेझिंग स्वच्छ, उगाच नावं ठेवायला जागा नाही. जानेवारीत दवाखान्याच्या मॅडमचा फोन आला. लेकरांच्या खोलीत रिमोटवर २८ लावलंय, कंट्रोलर खोलीचं तापमान २७ दाखवतो, आणि खोली मात्र गार.

मी पोचलो तेव्हा तिथल्या मावशी एका पाळण्यापाशी उभ्या होत्या. चाळीसएक वर्षांचा अनुभव असेल, हाताला सगळं कळतं. त्यांनी लेकराच्या पोटाला हात लावला, मग तळपायाला. म्हणाल्या, "पोट ऊन हाय, पाय गार पडूलालेत. तुमचं मशीन काई बी म्हनू द्या दादा." मला वाटलं ही त्यांची रीत असेल. मॅडमनी सांगितलं की हीच शिकवलेली पद्धत आहे: पोट आणि पाय दोन्ही ऊबदार म्हणजे बाळ ठीक, पोट ऊबदार पण पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, आणि दोन्ही गार म्हणजे धावपळ करायची वेळ. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही, ते अंगातली चरबी जाळत बसतं.

खोलीत दोन थर्मामीटर लावले. एक वर फॉल्स सीलिंगमधल्या कॅसेटच्या, म्हणजे छतात बसवलेल्या आतल्या युनिटच्या जाळीशी, एक पाळण्याच्या उंचीवर. वर २७, खाली २२. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याचा सेन्सर वरच्या जाळीत, आणि गरम हवा चढते वर. कंपन्यांना हे ठाऊक असतं म्हणून हीटिंगमध्ये वाचन दोन-चार अंशांनी कमी धरायची सोय सेटिंगमध्ये दिलेली असते. ती इथं चालू केलेलीच नव्हती. पण खरी मेख पुढं होती. हीटिंगमध्ये तापमान गाठलं की कॅसेटचा पंखा थांबतो किंवा अगदी मंद होतो. गार वारा अंगावर येऊ नये म्हणून ही व्यवस्था. पंखा थांबला की जाळीशी हवा हलत नाही. वरची ऊन हवा सेन्सरभोवती कोंडून राहते, कॉइलमधली उरलेली ऊबही तिथंच जमते. सेन्सरला वाटतं सगळं छान चाललंय. खाली खोली हळूहळू निवत जाते आणि वर बातमीच पोचत नाही. रात्री दोनला नर्स येऊन रिमोट ३० वर नेते, पहाटे खोली भट्टी होते, मग ती बंद करते. हे चक्र महिनाभर चाललं होतं.

यावर उपाय महाग नाही. कॅसेटच्या सेटिंगमध्ये 'जाळीतला सेन्सर' सोडून 'भिंतीवरच्या कंट्रोलरमधला सेन्सर' निवडता येतो. अडचण एवढीच की कंट्रोलर कुठं आहे. आर्किटेक्ट लोकांना सगळी बटणं एका ओळीत, दाराशेजारी लागतात. इथंही दाराशेजारीच होता. दार उघडलं की जिन्यातला गारठा त्याच्यावर. शिवाय समोर पूर्वेची खिडकी. जानेवारीत सूर्य खाली असतो, सकाळी आठचं ऊन खोलीत लांबवर शिरतं आणि नेमकं त्या भिंतीवर पडतं. म्हणजे खोली सगळ्यात गार असते त्याच वेळेला सेन्सर उन्हात शेकत बसणार आणि हीटिंग बंद करणार.

म्हणून कंट्रोलर आतल्या भिंतीवर नेला; जिच्या पलीकडंही खोलीच आहे अशा भिंतीवर. उंची नेहमी सांगतात ती पाच फूट, पण ती उभ्या माणसासाठी. इथं राहणारे पाळण्यात झोपतात. मी तो पाळण्याच्या काठाच्या जरा वर, साडेतीन फुटांवर घेतला, वॉर्मरपासून (बाळाला ऊब देणारं यंत्र) लांब, कॅसेटचा झोत थेट पडणार नाही अशा बाजूला. मॅडमना वाटलं मापात गफलत झाली. मावशींना लगेच पटलं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ही फार लोक सोडून देतात. कंट्रोलर काढला तेव्हा मागच्या, भिंतीत गाडलेल्या वायरीच्या पाइपाच्या भोकातून हाताला गार हवा लागली. पाइप वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडा, तिथून हवा खाली येते आणि सेन्सरच्या पाठीवर फुंकर घालते. उन्हाळ्यात हीच फुंकर गरम असते, कारण वर स्लॅब तापलेला. भोक सिलिकॉननं बंद केलं. दहा मिनिटांचं काम आहे, ते करायला कुठला इंजिनिअर लागत नाही.

त्याच खोलीतल्या वॉर्मरनं मला विचारात पाडलं. वॉर्मरचा सेन्सर थेट बाळाच्या पोटावर चिकटवतात आणि कातडीचं तापमान साडेछत्तीस अंशांच्या आसपास राखतात. हवा किती, भिंत किती, कशाशी घेणंदेणं नाही. ज्याला ऊब द्यायची त्यालाच विचारायचं. माझ्या मते याहून प्रामाणिक तापमान नियंत्रण कुठं नाही. पण त्यातही धोका आहे. चिकटपट्टी सुटून सेन्सर गादीवर पडला की वॉर्मर समजतो बाळ गार पडलंय आणि तापवत सुटतो. म्हणून नर्स सतत पट्टी तपासत असतात. आमच्या धंद्यात सेन्सर एकदा बसवला की दहा-दहा वर्षं त्याच्याकडं कोणी बघत नाही.

लेकरांची खोली सुधारली आणि आठवड्यानं पुन्हा फोन. या वेळी भानगड दुसरी होती. सकाळी नऊला सिझर. थिएटरमध्ये दिवे, यंत्रं, गाऊन घातलेली सहा-सात माणसं. थिएटरला २१ अंशांच्या आसपास हवं, दवाखान्यांच्या मान्यतेच्या नियमांत तीन अंश इकडंतिकडं चालतं. लेबर रूमला जागतिक आरोग्य संघटना २५ ते २८ सांगते. लेकरांच्या खोलीला २६ ते २८. जानेवारीच्या सकाळी म्हणजे थिएटरला थंड हवं आणि बाकी दोघांना गरम, एकाच क्षणी. आणि गच्चीवर आउटडोर एकच, आत दोन पाइप. दोन पाइपांच्या हीट पंपात फोर-वे व्हॉल्व्ह एका वेळी एकाच बाजूला असतो. सगळी युनिटं गरम नाहीतर सगळी थंड. ज्यानं आधी चालू केलं त्याचा मोड, उरलेल्यांच्या कंट्रोलरवर खूण लुकलुकत राहते.

तीन पाइपांची सिस्टिम येते, तिच्यात एका खोलीतून काढलेली उष्णता दुसऱ्या खोलीला देता येते. थिएटरची ऊब लेकरांच्या खोलीत. ऐकायला किती छान! पण प्रत्येक युनिटच्या वाटेवर वेगळी व्हॉल्व्हची पेटी, पाइपिंग नव्यानं, खर्च मोठा. बांधतानाच विचार केला असता तर शोभलं असतं. चालू दवाखान्याची छतं फोडून ते करणं मला पटलं नाही. आम्ही थिएटर या सिस्टिममधून तोडलं आणि त्याला स्वतःचं वेगळं आउटडोर दिलं. तसंही थिएटरची हवा बाकी इमारतीशी बांधून ठेवणं बरोबर नाही. तिथं ताज्या हवेचं, गाळणीचं, हवा तासाला किती वेळा बदलायची याचं गणितच निराळं.

उरली पाच. त्यात लेकरांची खोली मालक ठरवली. कंट्रोलरमध्ये तशी सोय असते, एका युनिटला मास्टर करायचं आणि मोड बदलायचा हक्क त्यालाच. कारण याआधी काय व्हायचं, तर खाली बसलेला एखादा मामा दुपारी एकला घाम पुसत रिमोट उचलायचा आणि 'कूल' दाबायचा. आउटडोर त्याचं ऐकायचं आणि वर लेकरांच्या खोलीची हीटिंग गप्प. खालचा रिमोट आता मावशींच्या साडीच्या ओच्यात असतो. कुलूप सॉफ्टवेअरमध्ये घातलंय, पण ओचा जास्त खात्रीचा.

मास्टरला आपोआप मोड बदलायला लावायचं तर मध्ये मोकळी पट्टी ठेवावी लागते. आमच्या भाषेत डेडबँड. २६ च्या खाली गेलं तर गरम, २९ च्या वर गेलं तर थंड, मधल्या तीन अंशांत काहीच करायचं नाही, नुसता पंखा. पट्टी अर्ध्या अंशाची ठेवली तर आमच्या फेब्रुवारीत मशीन सकाळी दहा ते बारा नुसतं गरम-थंड, गरम-थंड करत बसेल. दर पालटाला कॉम्प्रेसर थांबणार, तीन मिनिटं दम घेणार, व्हॉल्व्ह ठक्‌ करून फिरणार. बिल वाढतं, व्हॉल्व्ह झिजतो, आणि खोलीला दोन्हीतलं एकही धड मिळत नाही.

मोठ्या वॉर्डाचं काम त्या मानानं गमतीचं झालं. लांबट खोली, एका टोकाला पश्चिमेची भिंत, दुसऱ्या टोकाला जिना. एका सेन्सरनं कुठल्याच खाटेवर न्याय होत नव्हता. चार सेन्सर घेतले, सगळे दहा किलोओहमचे. दोन-दोन सिरीजमध्ये जोडले म्हणजे वीस-वीस, आणि त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे पुन्हा दहा. बोर्डाला कळतसुद्धा नाही की चार आहेत. त्याला चौघांची साधारण सरासरी मिळते. वायर लांब गेली म्हणून काळजी करायची नाही. अंशाला चारशेच्या वर ओहम बदलतात तिथं वायरीचे पंधरा-वीस ओहम म्हणजे काहीच नाही. फक्त ती वायर पॉवरच्या वायरीबरोबर एकाच पाइपात टाकू नका. आकडा नाचायला लागतो.

एकदा थिअरी चाळताना वाचलेलं इथं आठवतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे मास्तर होते. तिथं शिपाई वर्गावर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन हवेची झापडं कमी-जास्त करायचा. वर्गात सारखा व्यत्यय. जॉन्सन मास्तरांनी खोलीत विजेचा थर्मोस्टॅट लावला, तापमान हललं की तळघरात घंटा वाजायची. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. दर खोलीचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यायचं, ही गोष्ट तिथून चालत आलीय, आणि आपल्याकडं अजूनही सहा खोल्यांना एक रिमोट देऊन मोकळे होतात.

झापडांवरून आठवलं. संभाजीनगरला एका बंगल्यात डक्टवाला हीट पंप आहे, वर-खाली मिळून पाच झोन, प्रत्येक डक्टमध्ये मोटरवर चालणारा डँपर, म्हणजे झापड. मालक हिशोबी. रात्री चार झोन बंद, फक्त स्वतःची बेडरूम चालू. त्यांची समजूत अशी की पाचवा हिस्सा हवा, पाचवा हिस्सा बिल. पण मशीन पाचही खोल्यांच्या मापाचं. इन्व्हर्टर असला तरी तो एका मर्यादेखाली उतरत नाही. एकाच खोलीवाटे हवा जाऊ लागली की कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही. उन्हाळ्यात कॉइलवर बर्फाचा थर धरतो, हिवाळ्यात हीटिंगला प्रेशर चढतं आणि मशीन हाय प्रेशरवर ट्रिप मारतं. आधी कोणीतरी त्याला बायपास डँपर बसवून दिलेला. जास्तीची हवा खोलीत न जाता फिरून रिटर्नमध्ये, म्हणजे मशीनकडं परतणाऱ्या हवेच्या वाटेत. बर्फ थांबला, पण मशीनचा सेन्सर रिटर्नमध्येच! थंड हवा परत त्याच्याच तोंडावर, त्यामुळं त्याला वाटायचं घर गार झालंय. साहेब बेडरूममध्ये घामाघूम.

मी बायपास बंद केला, सेन्सर खोल्यांत नेले आणि मधला पॅसेज व हॉल मिळून एक झोन कायम थोडा उघडा ठेवला. उघडे राहणारे झोन मिळून एकूण हवेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी होऊ द्यायचे नाहीत, हा माझा नियम. मालकांना उघडा हॉल म्हणजे उधळपट्टी वाटते. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

झोन पाडताना लोक भिंती मोजतात. मी ऊन मोजतो. ज्या जागा एकाच वेळी तापतात आणि एकाच वेळी निवतात त्या एका झोनमध्ये, मग मध्ये भिंत असो वा नसो. पश्चिमेच्या दोन बेडरूम एकत्र चालतील. पण पूर्वेची एक आणि पश्चिमेची एक शेजारीशेजारी आहेत म्हणून एका सेन्सरवर टाकल्या तर दिवसभर एक जण रडणार. दुकानात तर दिवेच ऊन असतात. नांदेडला एका साडीच्या दुकानात कंट्रोलर शालूंच्या कपाटाशेजारी, वर स्पॉटलाइटची रांग. तिथं कायम ३०. बाकी दुकान इतकं गार की गाद्यांवर बसलेल्या बायका पदर लपेटून साड्या बघत होत्या. कंट्रोलर हलवला, विषय संपला.

घरगुती मशीनवालेही विचारतात म्हणून थोडं त्यांच्यासाठी. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाला रूम एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतो, बीईई या केंद्र सरकारच्या वीज बचतीच्या संस्थेच्या नियमानं. बरेच जण तो २४ चा आकडा बघून खोली २४ झाली असं समजतात. तो तुमचा हुकूम आहे, खोलीचं तापमान नव्हे. आणि काही रिमोटमध्येच सेन्सर असतो, बटण दाबलं की रिमोट स्वतःजवळचं तापमान दर काही मिनिटांनी मशीनला सांगतो. सोय उत्तम, पण रिमोट उघड्यावर आणि मशीनच्या नजरेसमोर हवा. जालन्याचे एक काका तो उशीखाली घेऊन झोपायचे, हरवू नये म्हणून. उशीखाली डोक्याची ऊब. कधी सिग्नल पोचायचा तेव्हा मशीनला वाटायचं खोली पेटलीय. काकूंनी मे महिन्यात वाकळ काढली होती.

शेवटी वरच्या मजल्याचं, कारण उन्हाळा दारात आहे आणि याच फोनांनी माझा एप्रिल जाणार आहे. "रिमोटवर १८ लावलं तरी रात्री उकडतं." मी जातो, हवेचं तापमान बघतो, २६. सेन्सरही तेच सांगतो, सेन्सर बरोबर. मग इन्फ्रारेड गन छताकडं धरतो. रात्री दहाला स्लॅब चाळिशीच्या आसपास. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्री खाली सोडतो, आणि ते थेट अंगावर येतं, हवेला फारसं न विचारता. हवेचा सेन्सर कितीही चांगल्या जागी बसवा, त्याला छताची धग धड कळत नाही. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं, हात-दीड हात मातीचा थर. खाली दुपारी झोप लागायची. आता सगळीकडं पाच इंची स्लॅब, वर काळी टाकी, आणि खाली दीड टनाचं मशीन.

गेल्या आठवड्यात वसमत रोडच्या एका घरी असंच झालं. मालकांना दीडच्या जागी दोन टनांचं घ्यायचं होतं, पैसे तयार होते, मला फक्त हो म्हणायचं होतं. मी सांगितलं, आधी गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, टाकीवर सावली करा, पंधरा दिवस वापरून बघा, मग मशीनचं ठरवू. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमी एसीवाले का रंगारी?" अजून त्यांचा फोन आलेला नाही. बहुतेक दुसऱ्या कोणाकडून दोन टनांचं बसवून घेतलं असेल.